तराजू आधी, प्रेस नंतर: .३८ स्पेशल काडतुसं घरी भरण्याच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, चँडलर, ॲरिझोना

ठरलं. रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल काडतुसं यापुढे घरी भरायची, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा वापरायच्या. काय घ्यायचं, कशासाठी घ्यायचं आणि काय मुद्दाम टाळायचं, ते इथे लिहून ठेवतोय. रेंजवर येणारी दोन-चार मराठी मंडळी ओळखीची झाली आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी कायदा. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायची तर लागतो. पण आपल्या लोकांनी यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आधी तपासावी. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. मी ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच या छंदाकडे वळलो. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो, तेव्हा इथे लिहिलेलं पुण्या-नागपुरात करून बघण्यासाठी नाही.

आता .३८ च का. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून मला निशाणा साधण्याच्या खेळाची ओढ लागली. तो प्रकार .२२ चा. पण .२२ चं काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याचा पेटता मसाला पुंगळीच्या कडेच्या वळीत भरलेला असतो आणि स्ट्रायकरच्या ठोक्याने ती वळी कायमची चेपते. तळाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी, असलेली पुंगळी मात्र पुन्हा वापरता येते. आणि रिव्हॉल्व्हरची आणखी एक सोय आहे. पिस्तुलासारख्या पुंगळ्या उडून शेजाऱ्याच्या बाकाखाली जात नाहीत, चक्रातच राहतात. उघडायचं, डबीत ओतायच्या, घरी आणायच्या. कुठली पुंगळी किती वेळा भरली याचा हिशेब त्यामुळे ठेवता येतो.

१२ ऑक्टोबर

पैसे वाचतात का, हे सगळे विचारतात. पिस्तुलाची ९ एमएम काडतुसं भरणाऱ्याचे फारसे वाचत नाहीत, कारण ती काडतुसं दुकानात स्वस्तच मिळतात. माझं वेगळं आहे. मला हवं असतं १४८ ग्रेन वजनाचं वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची, पुंगळीत जवळजवळ पूर्ण बुडवून बसवलेली शिशाची गोळी. कागदी लक्ष्यावर ती स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. हे काडतूस दुकानात महाग मिळतं, आणि बहुतेक वेळा मिळतच नाही. २०२० च्या टंचाईत प्रायमरसुद्धा गायब झाले होते. हजाराला पस्तीस डॉलरच्या आसपास असलेला भाव पुढे ऐंशी-शंभरावर गेला. तेव्हा बचत हे माझं कारण नाही. मला हवं ते काडतूस, मला हवं तेव्हा, प्रत्येक वेळी सारखं मिळावं, एवढंच कारण आहे.

कामाचे टप्पे एकदा मांडून घेतो, म्हणजे कुठल्या अवजाराला काय काम ते कळेल. जुना प्रायमर ठोकून काढणे आणि फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापात आणणे. पुंगळीचं तोंड किंचित रुंदावणे. नवा प्रायमर बसवणे. दारू मोजून ओतणे. गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवणे. शेवटी तोंड आत वळवून गोळी पक्की करणे. प्रत्येक टप्प्याचं एक अवजार, आणि त्या सगळ्यांना जोर देणारा एक प्रेस. बाजारातले बहुतेक लोक प्रेसपासून सुरुवात करतात. मी दारू ओतण्याच्या टप्प्यापासून सुरुवात करणार आहे, कारण जीव जाईल तर तिथेच जाईल.

१३ ऑक्टोबर

रविवार, मामांना फोन. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. तो कारखाना १८६९ पासून चालू आहे. बेत सांगितला तर आधी गप्पच झाले. मग म्हणाले, “अरे, घरात? लहान पोर आहे ना घरात?” मी म्हटलं, “मामा, खोली वेगळी आहे, कुलूप आहे, आणि तुम्ही सांगाल तसंच करीन.” त्यावर त्यांनी मोजून तीनच गोष्टी सांगितल्या. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा काढायचा तर पहिला आधी कपाटात गेला पाहिजे. मध्येच कुणी हाक मारली तर हातातली पुंगळी रिकामी करून उठायचं, “मग बघतो” म्हणून भरलेली ठेवायची नाही. आणि झोप आली असेल त्या रात्री कामाला बसायचं नाही.

इथली सगळी माहितीपुस्तकं उघडली तरी सुरुवातीला हेच नियम भेटतात. मामांच्या तोंडून आले म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहतील.

१९ ऑक्टोबर

पहिली खरेदी: माहितीपुस्तकं आणि तराजू.

दारू किती ओतायची याचे आकडे मी या नोंदींत लिहिणार नाही. ते दारू बनवणाऱ्या आणि गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातून, नेमकी तीच गोळी आणि तीच दारू पाहूनच घ्यायचे असतात. सुरुवात खालच्या आकड्यापासून. दोन ठिकाणचे तक्ते ताडून बघायचे. हॉजडन कंपनीचे तक्ते इंटरनेटवर फुकट आहेत, पण छापील पुस्तकात प्रक्रिया समजावलेली असते, म्हणून तेही हवंच.

तराजूचं माप ग्रेनमध्ये. ७००० ग्रेनचा एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या सराफाला हे माप परकं नाही. इंग्रजांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा, त्यामुळे ९६ गुंजांच्या तोळ्यात एक गुंज जेमतेम पावणेदोन-दोन ग्रेनची होते. मला हवी ती अचूकता ग्रेनच्या एक दशांशाची आहे, म्हणजे गुंजेच्याही विसाव्या भागाच्या जवळपास. एवढ्या बारीक मापाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामाचा नाही.

डिजिटल की दांडीचा, यावर बराच विचार केला. स्वस्त डिजिटल तराजू वाऱ्याच्या झुळकीने हलतो, आणि फिनिक्सच्या आसपास एसी वर्षातले सात-आठ महिने बंदच होत नाही. शिवाय एका बटणाने ग्रेनचं ग्रॅम होतं, आणि पडद्यावरचं ते बारीक अक्षर घाईत दिसत नाही. दांडीच्या तराजूला बॅटरी नाही, बटण नाही. चुंबकाने त्याची दांडी पटकन स्थिरावते. आरसीबीएस कंपनीचा जुना ५०५ हा दांडीचा तराजू वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात चांगल्या अवस्थेत मिळाला. त्याच्या जोडीला तपासणीच्या वजनांचा एक छोटा संच घेतला. हा संच पुष्कळ जण घेत नाहीत. माझ्या मते तो तराजूइतकाच गरजेचा आहे, कारण तराजू खरं सांगतोय की नाही हे दुसरं कोण सांगणार? रोज बसण्याआधी शून्य तपासायचं, मग मला लागणाऱ्या वजनाच्या जवळचं वजन ठेवून बघायचं.

सहा इंची कॅलिपर आधीपासून आहे, इंचाचा हजारावा भाग दाखवणारा. तो चालेल.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई काढली होती, त्यातच पाहुण्यांच्या खोलीतला एक कोपरा मोकळा केला. इथले बहुतेक लोक हे काम गॅरेजमध्ये करतात. ॲरिझोनात ते जमणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्यावर होता, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर. बंद गॅरेज त्याहून तापतं. धूरविरहित दारू उष्णतेने हळूहळू खराब होते. ती थंड, कोरड्या, सारख्या तापमानाच्या जागीच ठेवायला हवी.

साठवणुकीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: दारू म्हणजे तिजोरीत ठेवायची. उलट आहे. धूरविरहित दारू मोकळ्यावर पेटली तर भडकून जळते. जाड पोलादी पेटीत कोंडलेली पेटली तर दाब साठतो आणि ती पेटीच बॉम्ब होते. म्हणून कंपनीच्या मूळ डब्यातच ठेवायची, जो दाब येताच फाटावा असाच बनवलेला असतो. इथल्या अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संहितेत घरगुती साठ्याला वीस पौंडांपर्यंत मूळ डब्यांत मुभा आहे, त्यावर गेलं तर इंचभर जाड लाकडाची पेटी लागते. प्रायमरची मर्यादा दहा हजार. माझ्याकडे एक-दोन पौंडांवर कधी जाणार नाही, तरी लाकडी कपाट केलं, कुलपासकट. प्रायमर वेगळ्या कप्प्यात, त्यांच्या मूळ खोक्यातच. बरणीत ओतून ठेवलेले प्रायमर एकमेकांना लागून असतात. एक उडाला तर सगळे एकदम उडतात.

बायकोची अट: मुलगी खोलीत येणार नाही, आणि त्या टेबलावर चहाचा कपसुद्धा येणार नाही. दोन्ही अटी माहितीपुस्तकांतही आहेत.

९ नोव्हेंबर

आता प्रेस. यावर वाचलंय सगळ्यात जास्त.

तीन जाती. एकेरी प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय, म्हणजे त्या-त्या टप्प्याचा साचा, बसते. शंभर पुंगळ्यांचा एक टप्पा संपवायचा, डाय बदलायची, पुढचा टप्पा. आरसीबीएसचा रॉक चकर हा यातला नावाजलेला. टरेट प्रेसमध्ये चार किंवा जास्त डाय एका फिरत्या चकतीवर असतात. पुंगळी जागेवरच राहते, चकती फिरते. आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये उलट: डाय स्थिर, पुंगळ्या एका ताटलीवर फिरतात, आणि प्रत्येक दांड्याच्या खेचीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. डिलन, हॉर्नेडी, ली, सगळ्यांचे आहेत. डिलन तर इथलीच, स्कॉट्सडेलची.

वेग हवा तर प्रोग्रेसिव्ह. प्रश्न असा की .३८ स्पेशलला वेग परवडतो का.

हे काडतूस १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळी दारू खूप जागा घ्यायची म्हणून पुंगळी लांब केली, जवळपास २९ मिलिमीटर. त्याच पुंगळीत आज वॉडकटरसाठी वेगाने जळणारी धूरविरहित दारू चिमूटभरच लागते. पौंडभर डब्यात दोन हजारांहून जास्त काडतुसं होतात, त्यावरूनच कल्पना यावी. ती तळाशी पडते आणि वर सगळी रिकामी पोकळी. म्हणजे चुकून दोनदा ओतली गेली तरी पुंगळी सांडत नाही, गोळी नेहमीसारखीच बसते, बाहेरून काहीच कळत नाही. दुप्पट दारूने .३८ च्या १७,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला इतके पौंड) दाबाच्या मर्यादेचं काय होईल ते लिहायला नको. वॉडकटरच्या हलक्या भरणीने रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या जुन्या गोष्टी आहेत. ‘कमी दारूमुळे उलटा स्फोट होतो’ असा सिद्धांतही त्यावर मांडला गेला. पण बहुतेक जाणकार दुहेरी भरणीकडेच बोट दाखवतात, आणि मला तेच पटतं.

याची उलट बाजू म्हणजे दारू पडलीच नाही. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज फुसका येतो. तो न ओळखता पुढची गोळी मारली तर नळी फुगते किंवा फाटते.

तेव्हा माझा निकष एकच: गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत मला डोळ्यांनी दारू दिसली पाहिजे. जो प्रेस ते सहज करू देईल तो माझा.

१० नोव्हेंबर

रेंजवरचे एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांच्याकडे डिलन ५५० आहे, कित्येक वर्षं वापरलेला, तरी दांडा लोण्यासारखा चालतो. यंत्र म्हणून मला फार आवडला. चार स्थानकं, ताटली हाताने फिरवायची. दारू दुसऱ्या स्थानकावर पडते, गोळी तिसऱ्यावर.

त्यांनी स्वतःच धोका दाखवला. ताटली हाताने फिरवायची असल्यामुळे, लक्ष विचलित होऊन न फिरवता दांडा दुसऱ्यांदा खेचला, तर त्याच पुंगळीत पुन्हा दारू. त्यांची सवय अशी की गोळी हातात घेतली की आधी पुंगळीत नजर, मग गोळी. आजवर त्यांना ती सवय पुरली आहे. डिलनच्या ७५० मध्ये ताटली आपोआप फिरते आणि पाच स्थानकं असल्याने दारू तपासणारं उपकरण एका स्थानकावर लावता येतं. आरसीबीएसचीही एक तपासणी डाय आहे. भरणी चुकली तर ती प्रेसच अडवते. चांगल्या गोष्टी आहेत. पण शिकणाऱ्याने एकाच वेळी चार पुंगळ्यांच्या चार अवस्था ध्यानात ठेवायच्या, हे मला मानवत नाही. किंमतही टरेटच्या तीन-चार पट.

निघताना त्यांनी एक वाक्य सांगितलं: महिन्याला किती काडतुसं झाडतोस ते आधी मोज, मग प्रेसला दर तासाचा आकडा विचार. माझं महिन्याचं गणित दोनेकशे-तीनशेचं. एका निवांत शनिवार सकाळचं काम.

२४ नोव्हेंबर

ठरवलं: ली कंपनीचा क्लासिक टरेट, चार भोकांचा.

कारणं. चकती आपोआप फिरवणारी सळई काढून टाकली की तोच एकेरी प्रेस होतो. सुरुवातीचे आठवडे तसाच वापरणार. एका वेळी प्रेसच्या वर-खाली सरकणाऱ्या दांड्यावर एकच पुंगळी असते, त्यामुळे ‘ही कुठल्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न उरत नाही. दांडा खाली आला की पुंगळीचं तोंड डोळ्यांसमोर उघडं असतं; तिथे एक छोटा एलईडी दिवा चिकटवला की तळाची दारू दिसते. डाय बसवलेली अख्खी चकती काढून दुसरी लावता येते. आणि खर्ची पडलेले प्रायमर पोकळ दांड्यातून नळीवाटे खाली डबीत जातात. एकेरी प्रेसच्या काही स्वस्त नमुन्यांत ते खोलीभर सांडतात आणि त्यांची शिसाळ राख गालिच्यात मुरते.

रॉक चकर मजबुतीत सरस आहे, यात वाद नाही. रायफलची काडतुसं भरायची असती तर डोळे मिटून तोच घेतला असता.

१ डिसेंबर

डायचा संच. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या सरळ भिंतीच्या पुंगळ्यांना कार्बाइडची डाय घ्यावी. त्यात कार्बाइडचं कडं असतं, त्यामुळे प्रत्येक पुंगळीला वंगण लावायची कटकट संपते. पोलादी डाय आज कुणी देऊ केली तरी घेऊ नये.

वॉडकटरचा खरा प्रश्न तोंड रुंदावणाऱ्या डायचा. साधी डाय फक्त ओठ फाकवते. पण वॉडकटर पुंगळीत खोल बुडते, आणि आत भिंत जाड होत जाते. मऊ शिशाची गोळी तिथे दाबली जाऊन बारीक झाली की नळीतल्या खोबणी नीट पकडत नाही, आणि निशाणा पसरतो. म्हणून लायमनची ‘एम’ डाय घेतली. ती थोडी खोलवर जाऊन भिंत सारखी करते आणि तोंडाशी एक पायरी ठेवते. गोळी त्या पायरीवर सरळ उभी राहते. शेवटच्या टप्प्याला, म्हणजे क्रिंपला (तोंड आत वळवायला), लीची फॅक्टरी क्रिंप डाय लोक सर्रास घेतात. तांब्याचं जाकीट चढवलेल्या गोळीला ठीक. पण तिच्यातलं कार्बाइडचं कडं सगळं काडतूस बाहेरून पुन्हा दाबतं, आणि .३५८ इंच व्यासाची शिशाची गोळी आतल्या आत आवळली जाऊ शकते. मी साधी वळवणारी डाय घेतली, तीही अगदी हलकी लावणार.

मांडणी अशी. पहिली चकती: फक्त प्रायमर काढणारी-मापात आणणारी डाय. ते काम सगळ्या पुंगळ्यांचं एकदम. मग हाताने नवे प्रायमर. दुसरी चकती: एम डाय, दारू, गोळी, क्रिंप. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानकाच्या मध्ये माझी नजर. दारूचं माप लीचं ऑटो ड्रम. पुंगळीने वर ढकललं तरच ते दारू सोडतं, रिकाम्या दांड्याने नाही.

डायचे आटे सगळ्या कंपन्यांचे सारखे, पाऊण इंचाहून थोडे जाड, ७/८-१४. त्यामुळे लीच्या प्रेसवर लायमनची डाय बिनदिक्कत बसते. डिलनचा स्क्वेअर डील हा अपवाद; त्याच्या डाय त्याच्याच.

८ डिसेंबर

पुंगळ्या धुण्याचं. घरात मूल असणाऱ्याने या टप्प्याकडे प्रेसइतकंच लक्ष द्यावं. प्रायमरमध्ये शिशाचा स्फोटक क्षार असतो आणि उडाल्यावर त्याची राख पुंगळीत राहते. मक्याच्या कणसाच्या भुशात पुंगळ्या थरथरवून घासणारं यंत्र सोपं आहे, पण झाकण उघडताना उडणारी धूळ शिसाळ. मी पाण्याचं फिरतं पिंप निवडलं. धूळ उडत नाही. पिंप मागच्या अंगणात, हातमोजे घालून, आणि ते पाणी भाजीच्या वाफ्याकडे किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत अजिबात नाही.

वाळवायचं यंत्र लोक विकत घेतात. इथे गरज नाही. आईने गच्चीवर सांडगे घालावेत तशा जुन्या टॉवेलवर पसरल्या, आणि वाळवंटाच्या उन्हाने डिसेंबरातही दुपारपर्यंत खडखडीत करून दिल्या.

गोळ्या स्वतः ओतणार नाही. शिसं घरात वितळवायचं नाही हे पक्कं. लेप दिलेल्या तयार गोळ्या घेतल्या. हाताला शिसं कमी लागतं, नळीत साचतंही कमी. काम संपलं की साबणाने हात, मग कपडे बदलून मुलीजवळ.

१५ डिसेंबर

प्रायमर बसवायला हातातलं साधन घेतलं. प्रेसवरही सोय आहे, पण अंगठ्याला जो अंदाज येतो तो दांड्याला येत नाही. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत गेला पाहिजे. वर राहिला तर रिव्हॉल्व्हरचं चक्र अडतं. ढिला बसला तर ती पुंगळी बाद. चष्मा सक्तीचा.

४ जानेवारी २०२५

टेबल उभं राहिलं. दोन-बाय-चारच्या लाकडाचे पाय, वर पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर, आणि मागून भिंतीतल्या उभ्या खांबांना बोल्ट. पुंगळी मापात आणताना दांड्यावर चांगलाच भार येतो; हलणाऱ्या टेबलावर माप दर वेळी बदलतं.

एक स्थानिक अडचण: हवा इतकी कोरडी की प्लास्टिकच्या नरसाळ्याला दारूचे दाणे स्थिर विजेने चिकटून बसतात. ॲल्युमिनियमचं नरसाळं आणलं. मापाच्या प्लास्टिकच्या टाकीला कपडे वाळवायच्या यंत्रातला सुगंधी रुमाल आतून फिरवला. चिकटणं थांबलं.

१२ जानेवारी

प्रायमर नाही, दारू नाही, अशी नुसती डमी काडतुसं केली. डाय लावण्याचं सगळं शिक्षण यातच होतं. क्रिंप जास्त झाला की पुंगळीची भिंत फुगते आणि काडतूस गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या भोकाच्या ठोकळ्यात, अडकतं. कमी असला तर कडेला नख अडकतं. हवा तो बिंदू सापडल्यावर डायची कडी घट्ट केली आणि एक चांगलं डमी काडतूस डायच्या डबीत ठेवून दिलं, पुन्हा कधी मांडणी हलली तर नमुना म्हणून.

गेज स्वस्त असतो, प्रत्येकाने घ्यावा. तयार काडतूस बसतं की नाही ते घरात बंदुकीत घालून बघू नये.

बिघडलेलं काडतूस सोडवायला हातोडीसारखा पुलर लागतो. तोही घेतला.

२५ जानेवारी

पहिली खरी भरणी. तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्याने. प्रेस एकेरीसारखाच वापरला. दारू ओतलेल्या पुंगळ्या पन्नास भोकांच्या लाकडी फळीत उभ्या केल्या, आणि गोळी घालण्याआधी बॅटरीच्या उजेडात ओळीने बघितल्या. सगळ्यांत दारूची पातळी सारखी हवी. एखादी वर किंवा खाली असली तर लगेच डोळ्यात भरते. दर काही पुंगळ्यांनंतर एकीतली दारू तराजूवर. ऑटो ड्रम स्थिर आहे. सुरुवातीची काही मापं बसेपर्यंत कमी-जास्त येतात, ती डब्यात परत.

खोक्यावर चिठ्ठी: दारू, तिचा लॉट, माप, गोळी, प्रायमर, लांबी, तारीख, पुंगळी कितव्यांदा. या चिठ्ठीशिवाय घरातून एकही खोकं बाहेर जाणार नाही.

१ फेब्रुवारी

बेन एव्हरी रेंज. राज्याच्या वन्यजीव खात्याची, फिनिक्सच्या उत्तरेला. चँडलरहून गाडीने तासाभराच्या आतबाहेर. बॅगेत पितळी सळई ठेवली होती. आवाज फुसका आला तर थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीत बघायचं, असं मनाशी घोकलं होतं. तशी वेळ आली नाही. पहिल्या काही गोळ्या एकेक करून, चक्रात बाकीची घरं रिकामी ठेवून. पुंगळ्या बोटाने ढकलल्या तरी निघत होत्या, प्रायमरच्या कडा गोल होत्या, चपट्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे दाब माफक. २५ यार्डांवर भोकं वॉडकटरला शोभतील अशी, कापून काढल्यासारखी.

धक्का दुकानातल्या काडतुसापेक्षा मऊ. माझ्या मनगटाला हेच हवं होतं.

९ फेब्रुवारी

रेंजवरच्या मंडळींनी विचारलं, आता ९ एमएम कधी. इतक्यात नाही. ती पुंगळी आखूड, १९ मिलिमीटरची, दाब ३५,००० पीएसआयचा, म्हणजे .३८ च्या दुप्पट. गोळी थोडी जास्त आत गेली तरी आतली जागा कमी होऊन दाब झपाट्याने वाढतो. लांबी मोजण्यात तिथे जास्त काटेकोरपणा लागतो. शिवाय रेंजवर वेचलेल्या पुंगळ्यांत लष्करी पुंगळ्या निघतात. त्यांच्या प्रायमरभोवती धातू चेपलेला असतो, तो काढायला वेगळं साधन हवं. ९ एमएमचे सामने खेळू लागलो आणि महिन्याला हजारावर काडतुसं लागली, तरच प्रोग्रेसिव्हचा विचार करीन, आणि तेव्हा दारू तपासणाऱ्या स्थानकासाठी जागा असलेला पाच स्थानकांचाच घेईन.

.३५७ मॅग्नमचीही विचारणा झाली. गोळीचा व्यास तोच, डायही बहुतेक त्याच चालतात. पण ती पुंगळी जवळपास साडेतीन मिलिमीटर जास्त लांब आहे, .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणूनच १९३५ साली तशी केली गेली. घ्यायची झाली तर तिसरी चकती लावीन, खोकी वेगळ्या रंगाची, आणि दोन्ही एकाच दिवशी भरणार नाही.

पुढच्या शनिवारी चकती आपोआप फिरवणारी सळई बसवून बघायची आहे. आधी डमीवर.